३ टीबीची हार्ड डिस्क ७४६ जीबीच का दाखवते?

प्रश्न:
जुन्या डेस्कटॉपमध्ये मी नुकतीच ३ टीबीची हार्ड डिस्क बसवली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती केवळ ७४६ जीबीची दिसते. तीच डिस्क नव्या संगणकाला जोडली की २७९४ जीबी दिसतात. केबल आणि सॅटा पोर्ट बदलूनही फरक पडला नाही. डिस्क सदोष समजून परत करावी का?

प्रतिसाद १:
पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) एमबीआर या जुन्या प्रकारचे असेल, तर २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. डिस्क रिकामी असल्यास ते जीपीटी या नव्या प्रकारचे करून पाहावे.

प्रतिसाद २:
वरील सल्ला एरवी योग्य असला, तरी येथे लक्षण वेगळे आहे. अडचण एमबीआरची असती, तर डिस्क पूर्ण दिसून २०४८ जीबीनंतरची जागा 'अनअलोकेटेड' (कोणत्याही भागाला न दिलेली) राहिली असती. येथे नेमके उलटे झाले आहे: २७९४ मधून २०४८ वजा केले की ७४६ उरतात. सेक्टरची (डिस्कवरील साठवणीच्या लहान खणांची) संख्या ३२ बिटांत मोजली, तर मोजणी ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत पोहोचताच पुन्हा शून्यावर येते, आणि ५१२ बाइटच्या तेवढ्या सेक्टरांचे बरोबर २०४८ जीबी होतात. डिस्क निर्दोष आहे. मोजणारा जुना आहे, आणि माझा पहिला संशय स्टोरेज कंट्रोलरच्या (डिस्कशी संवाद साधणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ती चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे.

बायोसमध्ये (विंडोजआधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) डिस्कचा आकडा तपासावा. तेथे ३००० जीबी दिसत असल्यास ड्रायव्हर अद्ययावत करावा. तेथेही सुमारे ८०१ (विंडोजचे ७४६ जीबीच, उत्पादकाच्या मापात) दिसत असल्यास आधी बायोसचे अपडेट शोधावे. तोपर्यंत या संगणकावरून डिस्कवर काहीही लिहू नये, कारण २०४८ जीबीपलीकडे लिहायचा मजकूर डिस्कच्या आरंभी जाऊन पडण्याचा धोका असतो आणि पार्टिशन टेबल तेथेच असते.

प्रश्नकर्ता:
बायोसमध्ये ३००० दिसत होते. मदरबोर्डच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेतला आणि आता २७९४ जीबी दिसतात. तरीही उरलेले २०६ जीबी कोठे गेले?

प्रतिसाद २:
कोठेही गेलेले नाहीत. उत्पादक एक जीबी म्हणजे १००० चा घन, अर्थात १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ चा घन धरूनही त्याला जीबीच म्हणते. या दुहेरी नावाने आजवर पुष्कळांना विनाकारण काळजीत पाडले आहे. आता मात्र पहिल्या प्रतिसादाप्रमाणे डिस्क जीपीटी करून घ्यावी, अन्यथा २०४८ च्या पुढचे ७४६ जीबी दिसतील, पण वापरता येणार नाहीत.