मदत हवी आहे: आबांच्या डोळ्यासमोर चिलटं आणि चमक, चार दिवस थांबलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, आई-आबा भोगावतीकाठी गावी असतात. आबांचं वय 64, शुगर अकरा वर्षांपासून. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी शिबिरात काढला, लेन्स बसवली. तेव्हापासून त्या डोळ्याने झकास दिसत होतं.

शुक्रवारपासून म्हणतात, उजव्या डोळ्यासमोर चिलटं उडतायत. हाताने हाकलतात, जात नाहीत. आधी आम्ही चेष्टाच केली. परवा रात्री गोठ्यात म्हणाले, "कडेला वीज चमकल्यागत हुतंय." आभाळ तर निरभ्र होतं. दुखत नाही, डोळा लाल नाही, पेपरातले मथळे वाचतात.

काल चुलतभावाने त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावून तपासलं आणि "शुगरमुळे नंबर बदललाय" म्हणून नवा चष्मा सांगितला. पाचशे अॅडव्हान्स देऊन आले. चुलते म्हणतात मोतीबिंदू परत आला. आबा म्हणतात, उसाला टोळी आलीय, चार दिवसांत फड मोकळा होईल, मग बघू.

दुकानात तपासणारा माणूस डॉक्टर असतो का? न्यायचं तर कोल्हापूरच्या सीपीआरला (सरकारी दवाखाना), की थेट रेटिनावाल्याकडे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टरकडे? आणि काही दुखत नसताना अर्जंट म्हणून गेलो तर हसतील का?

तांबडापांढरा
भावा, टोळीचं टोळी बघून घेईल, आबांना आज उचल. माझ्या आईला असंच झालं होतं, ठिपके आणि चमक. संक्रांत दोन दिवसांवर होती म्हणून थांबलो. चौथ्या दिवशी तिला खालून काळा पडदा वर चढल्यासारखं दिसायला लागलं. ऑपरेशन झालं, डोळ्यातला सुटलेला पडदा जागेवर बसला, पण त्या डोळ्याने आता माणूस ओळखते, अक्षर नाही.

नंबरवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोल्हापुरातच दुकानात बसतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच देतो. आम्ही डॉक्टर नाही. चार वर्षांची पदवी असते, नंबर काढणं आणि डोळ्यांची प्राथमिक तपासणी हे आमचं काम. फ्रेम बसवून देणारा ऑप्टिशियन वेगळा. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचा एमएस, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला. औषध, लेसर, ऑपरेशन हे त्याचं. कितीतरी दुकानांत तर नुसतं नंबर काढणारं मशीन असतं, चालवणारा चार महिन्यांत शिकलेला पोरगा.

आता खटकलेली गोष्ट. शुगर चढली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं आणि नंबर हलतो, हे खरं. पण आबांच्या उजव्या डोळ्यात ते भिंग उरलेलंच नाही, तिथं कृत्रिम लेन्स आहे. ती शुगरने फुगत नाही. तक्रार त्याच डोळ्याची असेल तर हे कारण बसत नाही. आणि ठिपके-चमक सांगणाऱ्या माणसाला चष्मा काढून देणं, हे आमच्या धंद्याला शोभत नाही.

आजीचा_बटवा
घाबरू नका. शेळीच्या दुधाची पट्टी आणि दोन थेंब शुद्ध मध, आठ दिवसांत फरक.

तांबडापांढरा
ताई, मध पोळीला ठेवा.

भिंगातून
नेत्रतज्ज्ञ आहे, मिरजेला असतो. इथे बसून निदान करणार नाही, पण ही तपासणी आजची आहे.

डोळ्याच्या आत अंड्यातल्या पांढऱ्यासारखा एक जेल भरलेला असतो. वयाबरोबर तो आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. त्याची सावली म्हणजे ती चिलटं, आणि पडद्याला ओढ बसते ती चमक. बहुतेकांचा जेल निमूट सुटतो. काहींचा सुटताना पडद्याला चीर पाडतो, त्या चिरेतून पाणी आत शिरलं की पडदा भिंतीवरून सुटायला लागतो. मोतीबिंदू काढलेल्या आणि मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यांत हा धोका जास्त. अकरा वर्षांची शुगर असल्याने नाजूक रक्तवाहिनीतून आत रक्त सांडलं असण्याचीही शक्यता आहे. दोन्हींतलं काय, हे बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मोतीबिंदू परत येत नसतो. लेन्समागची पिशवी धुरकट होते, ती लेसरने दोन मिनिटांत साफ होते. पण त्यात हळूहळू धूसर दिसतं, विजा चमकत नाहीत.

रेटिनावालाच पाहिजे म्हणून दोन दिवस शोधत बसू नका. जवळचा कुठलाही नेत्रतज्ज्ञ पडदा बघू शकतो, गरज पडली तर तोच पुढे पाठवेल. सीपीआरला नेत्रविभाग आहे, सकाळी लवकर पोचा. खाजगीत जाणार असाल तर फोनवर "डोळे तपासायचेत" म्हणू नका, "अचानक ठिपके आणि चमक, ऑपरेशन झालेला डोळा" एवढंच सांगा. कुणी हसणार नाही. पडदा दुखत नाही, तीच तर त्याची खोड आहे. ऑपरेशनचं कार्ड, शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्या बरोबर घ्या. थेंबांनी चार-सहा तास अंधूक दिसतं, आबांना गाडी चालवू देऊ नका.

मध नको. पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीला असतो, वरून घातलेलं तिथं पोचत नाही, जंतू मात्र घरात येतात. आणि टोळीतल्या कुणाला उसाचं पातं डोळ्यात लागलं तर मेडिकलमधून लाली जाणारे थेंब आणून घालू नका. त्यात स्टिरॉइड असलं आणि जखमेत बुरशी असली, तर बुबुळाचं वाटोळं होतं.

शेवटचं विचारतो, शुगर सुरू झाल्यापासून पडदा किती वेळा तपासलाय?

फौंड्रीवाला (धागाकर्ता)
एकदाही नाही. मोतीबिंदूच्या वेळी पाहिला असेल तेवढाच. दरवर्षी पाहायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. निघतोय.

फौंड्रीवाला (धागाकर्ता)
रात्रीचे साडेनऊ, घरी पोचलो. फडावर चुलतभावाला उभं केलं, आबांना गाडीत घातलं, वाटेत दोनदा शिव्या खाल्ल्या.

पडद्याला वरच्या बाजूला चीर होती, पडदा अजून सुटलेला नव्हता. तिथल्या तिथं लेसर केला, बसूनच, वीसेक मिनिटं. डॉक्टर म्हणाले, चिरेभोवती डाग देऊन पडदा भिंतीला चिकटवायचा. मी मनात म्हटलं, टॅक वेल्डिंग की. डाग पक्के व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर काळा पडदा दिसला तर वेळ न बघता यायचं. चिलटं लगेच जाणार नाहीत. दोन्ही डोळ्यांत शुगरचे बारीक ठिपकेही सापडले, त्याला सध्या फक्त शुगर आवरा आणि सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. परतताना आबांना प्रत्येक हेडलाईटचा त्रास, तरी तोंडात एकच, "ट्रॉली भरली का इचार."

भिंगातून, एक विचारू का? आईला शुगर नाही, पण चष्मा जत्रेत घेतलेला, डोळे कधीच तपासलेले नाहीत. माझ्या सख्ख्या मावशीला काचबिंदू आहे.

भिंगातून
बहिणीला काचबिंदू म्हणजे आईला धोका नेहमीपेक्षा जास्त. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि समोरचं शेवटपर्यंत नीट दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येते. आबांच्या पुढच्या तारखेला त्यांनाही घेऊन जा, डोळ्यातला दाब आणि नस दोन्ही बघा म्हणावं.

फौंड्रीवाला (धागाकर्ता)
नेतो. नंबरवाला, ते पाचशे परत मागू का?

नंबरवाला
मागा. नाही दिले तर डाव्या डोळ्यासाठी जमा ठेवा, शुगर महिनाभर ताब्यात राहिल्यावर नंबर पुन्हा काढायला लागणारच आहे.