मदत हवी आहे: दहावीच्या मधेच आयजीसीएसईवरून जीसीएसईवर?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे ऑगस्टमध्ये पुण्याहून इंग्लंडला, रेडिंगला चाललोय. लेकीचं केंब्रिज आयजीसीएसईचं (केंब्रिज बोर्डाचा दहावीच्या तोडीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिलं वर्ष संपतंय, म्हणजे तिथे ती थेट इयर ११ मध्ये, परीक्षेच्याच वर्षात जाईल. तिथल्या सरकारी शाळांत मात्र जीसीएसई, म्हणजे इंग्लंडची स्वतःची त्याच पातळीची परीक्षा असते.

दर्जाची चिंता नाही. ए-लेव्हलच्या (तिथल्या अकरावी-बारावीच्या) प्रवेशाला दोन्ही चालतात, हे कळलंय. अडतंय ते अभ्यासक्रमावर. गणितात फारसं अडू नये: जीसीएसईच्या तीनपैकी एका पेपरला कॅल्क्युलेटर नसतो, पण केंब्रिजनेही २०२५पासून तसा एक पेपर आणलाय. विज्ञानात जीसीएसईला वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा नाही, लेखी पेपरातच प्रयोगांवर प्रश्न येतात. खरी भीती इंग्रजी साहित्याची. शेक्सपिअरचं नाटक, एकोणिसाव्या शतकातली कादंबरी आणि कवितासंग्रह, सगळं पुस्तक न उघडता लिहायचं! हिने यातलं काहीच केलेलं नाही, आणि हातात जेमतेम नऊ महिने.

पर्याय तीन: इयर १० पुन्हा करणं, आयजीसीएसई घेणारी खासगी शाळा (फी बघून घाम फुटला), किंवा बाहेरून परीक्षा देणं. एक वर्ष मागे बसवायला सरकारी शाळा सहसा तयार होतात का? बाहेरून बसवलं असेल त्यांनी केंद्र कसं शोधलं, प्रत्येक विषयाला साधारण किती खर्च आला? लेक म्हणते, 'आई, मला मागे बसवू नकोस.' तिला काय सांगू?