नोकरीसाठी नव्या शहरात जाताना भाड्याच्या घरासाठी वस्ती कशी निवडावी?

नवे बिऱ्हाड (प्रश्न)

नमस्कार. येत्या दोन महिन्यांत नोकरीनिमित्त मला एका मोठ्या आणि सर्वस्वी अनोळखी शहरात बिऱ्हाड हलवायचे आहे. घरात आम्ही तिघे आहोत. मी रोज कार्यालयात जाणार, माझे यजमान घरूनच काम करतात, आणि सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग चालवत नाही.

बऱ्याच शोधाशोधीनंतर दोन वस्त्या डोळ्यांसमोर आहेत. पहिली कार्यालयापासून पायी वीस मिनिटांवर आहे, पण तिथले घर लहान, भाडे जास्त, आणि इमारत एका मोठ्या रस्त्याला लागून आहे. दुसरी रेल्वेमार्गाच्या शेवटच्या स्थानकाजवळ आहे. तिथे घर ऐसपैस मिळते आणि भाडे पहिल्याच्या साधारण दोन-तृतीयांश आहे, मात्र घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत सत्तर मिनिटे लागतात. भावी सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिली वस्ती सुचवली आहे. एजंटचे म्हणणे असे की छायाचित्रे पाहून अनामत रक्कम आताच भरली नाही तर घर हातचे जाईल.

गेले तीन आठवडे रोज रात्री नकाशे पाहते आहे, आणि जितके पाहते तितका निर्णय अवघड होत चालला आहे. ज्यांनी अशी स्थलांतरे केली आहेत त्यांनी कृपया सांगावे की वस्ती निवडताना आधी काय पाहावे आणि कशाकडे निश्चिंतपणे दुर्लक्ष करावे.

वाटसरू

सर्वप्रथम, तुमच्यापैकी कोणीतरी ते घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि समोरची व्यक्ती खरोखर घरमालक किंवा त्याची अधिकृत प्रतिनिधी आहे याची खात्री झाल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. घर न दाखवता घाईने अनामत मागणे ही फसवणुकीची सर्वांत परिचित रीत आहे. तुमचा एजंट प्रामाणिक असेलही, पण तो प्रामाणिक आहे हे समजण्याचा मार्ग घर पाहणे हाच आहे.

आता प्रवासाविषयी. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली, याकोव झहावी यांच्या आधीच्या अभ्यासाच्या आधारे, असे मांडले की काळ आणि वाहने बदलली तरी माणसे दिवसाला सरासरी एक तासाच्या आसपासच प्रवास करत आली आहेत. हा काही नियम नव्हे, पण अंदाजासाठी उपयोगी माप आहे. तुमच्या दुसऱ्या वस्तीतून जाऊन-येऊन १४० मिनिटे होतात, पहिलीतून ४०. फरक रोज १०० मिनिटांचा. वर्षाला २२० कामाचे दिवस धरले तर हे सुमारे ३६५ तास झाले, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ शेचाळीस दिवस. भाड्यात वाचणाऱ्या रकमेला या तासांनी भागून पाहा, आणि जो आकडा येईल त्या दराने तुम्ही स्वतःची संध्याकाळ विकायला तयार आहात का, हे स्वतःलाच विचारा. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुटझर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील दीर्घकालीन सर्वेक्षणाच्या आधारे २००८ साली दाखवले की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि मोठे घर किंवा जास्त पगार यांनी ती उणीव अपेक्षेइतकी भरून निघत नाही.

मात्र माझ्या मते सरासरी वेळेपेक्षाही त्या वेळेची खात्री अधिक महत्त्वाची असते. समजा एका मार्गाने रोज बरोबर ३५ मिनिटे लागतात, आणि दुसऱ्याने पाचपैकी चार दिवस २५ पण एक दिवस ५५. दुसऱ्या मार्गाची सरासरी ३१ मिनिटे, म्हणजे कागदावर तोच चांगला. पण वेळेवर पोहोचणे अनिवार्य असेल तर तुम्हाला रोज ५५ मिनिटे धरूनच घर सोडावे लागेल, आणि चार दिवस अर्धा तास आधी पोहोचून बसावे लागेल. म्हणून जिथे कोंडी होणारा एकच पूल किंवा एकच बदलाचे स्थानक ओलांडावे लागते, त्या वस्तीबाबत मी फार सावध असतो. गाडीची वाट पाहण्याचा वेळही नकाशे नीट सांगत नाहीत. फेऱ्या वीस मिनिटांच्या अंतराने असतील तर वेळापत्रक न पाहता निघणाऱ्याला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते, आणि गाड्या अनियमित येत असतील तर त्याहूनही जास्त.

शेवटच्या स्थानकाच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी: सकाळी तिथे बसायला हमखास जागा मिळते. संध्याकाळी मात्र तुम्ही मधल्या स्थानकावर गाडीत चढणार, तेव्हा गर्दी ओसरेपर्यंत उभे राहावे लागेल. बसून केलेली सत्तर मिनिटे आणि उभ्याने केलेली सत्तर मिनिटे यांत मोठे अंतर आहे.

उंबरठा

वाटसरू यांचे गणित बिनचूक आहे, पण ते घरातल्या एकाच माणसाचे गणित आहे. माझा अनुभव लिहितो, कारण मी हीच चूक केली होती.

बदली झाली तेव्हा मी कार्यालयाला लागून असलेली वस्ती निवडली आणि त्याचा मला फार अभिमान वाटत होता, कारण दहा मिनिटांत मी घरी पोहोचत असे. परंतु तो सगळा भाग कार्यालयांचा होता. संध्याकाळी सात वाजले की रस्ते ओस पडत, दुकाने कार्यालयांच्या वेळेनुसार बंद होत, आणि सुटीच्या दिवशी तर चिटपाखरूही दिसत नसे. मी दिवसभर माणसांत असल्यामुळे मला ते जाणवले नाही. माझ्या पत्नीने तिथे चौदा महिने काढले आणि त्या काळात तिची एकाही शेजाऱ्याशी नावानिशी ओळख झाली नाही. तिने तक्रार केली नाही, आणि मीही विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. वस्ती आपण नोकरीला जाणाऱ्या माणसासाठी निवडतो, पण त्या वस्तीत दिवस काढतो तो घरी राहणारा माणूस. तुमच्या घरात तशी दोन माणसे आहेत.

म्हणून माझी सूचना अशी की मोजणी सासूबाईंपासून सुरू करावी. सेकंदाला ०.८ मीटर या संथ चालीने दहा मिनिटांत सुमारे ४८० मीटर अंतर होते. पण परतही यायचे असते, त्यामुळे वाटेत टेकायला बाक नसेल तर त्यांचे जग घरापासून २४० मीटरवर संपते. बाक असेल तर तेच जग दुप्पट होते. नकाशावरचे सरळ रेषेतले अंतर इथे उपयोगाचे नाही, कारण मध्ये कुंपण, नाला किंवा दुभाजक आला की २०० मीटरचे ६०० मीटर व्हायला वेळ लागत नाही. त्या टप्प्यात औषधांचे दुकान, किराणा, सावलीची बसण्याची जागा आणि शक्यतो डॉक्टरांचा दवाखाना आहे का, हे पाहा. पहिल्या वस्तीतील मोठा रस्ता त्यांना ओलांडावा लागणार का, हेही पाहा. अनेक ठिकाणी पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ सेकंदाला सुमारे १.२ मीटर ही चाल गृहीत धरून ठरवलेली असते. बारा मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने दहा सेकंद पुरतात. सासूबाईंना पंधरा लागतील. ज्या माणसाला रस्ता ओलांडण्याची धास्ती वाटते तो हळूहळू घराबाहेर पडायचाच थांबतो.

लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती बंद पडली तर किती दिवसांत दुरुस्त होते, हे खाली भेटणाऱ्या कोणत्याही रहिवाशाला विचारा. खरे उत्तर घरमालकापेक्षा तोच देईल.

टिपणवही

वर दोघांनी लिहिलेले पुन्हा लिहीत नाही. मोठ्या रस्त्यालगतच्या घराचा प्रश्न मात्र अजून पुरेसा बोलला गेलेला नाही, आणि घरी बसून दिवसभर बैठका करणाऱ्या तुमच्या यजमानांसाठी तो फार महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या खाली आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा. रेल्वेसाठी हेच आकडे ५४ आणि ४४ आहेत, तेव्हा स्थानकाजवळची दुसरी वस्तीही आपोआप शांत ठरत नाही. डेसिबल हे माप सरळ चढत नाही हे लक्षात ठेवा: दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची दहापट ऊर्जा, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ‘थोडासाच जास्त आवाज आहे’ हे वाक्य कोणी म्हटले तर त्यावर विसंबू नये. त्याच इमारतीत मागच्या बाजूचे घर मिळाले तर परिस्थिती पुष्कळ बदलते. निदान झोपण्याची आणि कामाची खोली रस्त्याकडे उघडणारी नसावी, एवढा आग्रह धरा.

घर सहसा सुटीच्या दिवशी दुपारी दाखवले जाते, आणि कोणतीही वस्ती सर्वांत सौम्य दिसण्याची ती वेळ आहे. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी आठला, नंतर रात्री अकराला तिथे जा, आणि अंधार पडल्यावर स्थानकापासून घरापर्यंत एकदा एकट्याने चालून पाहा. दिवे आहेत का, वाटेत माणसांची वर्दळ आहे का, कोणत्या वळणावर पावले आपोआप वेगाने पडतात, हे पायांना कळते. पाऊस पडत असताना जाता आले तर फारच उत्तम, कारण कुठे पाणी साचते ते विचारावे लागत नाही.

पैशांबाबत एकच. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडे असावे, असा जो दंडक सगळीकडे ऐकू येतो तो मुळात अमेरिकेतील सार्वजनिक घरांच्या धोरणातून आला. १९६९ साली तिथे ही मर्यादा पंचवीस टक्के होती आणि १९८१ साली ती तीस झाली. त्यात प्रवासखर्च धरलेला नाही. तुम्ही भाडे, तिघांचा प्रवास, आणि दूर राहिल्यामुळे अधूनमधून करावी लागणारी टॅक्सी, असे सगळे एकत्र मांडून दोन्ही वस्त्यांची तुलना करा. एक-तृतीयांश वाचल्यासारखे दिसणारे भाडे तेव्हा बरेच कमी वाचते.

मुक्काम

माझे मत थोडे वेगळे आहे. वाटसरू यांचा हिशेब कार्यालय जागच्या जागी राहील या गृहीतकावर उभा आहे. मी कार्यालयापासून पायी अंतरावर घर घेतले होते आणि आठव्या महिन्यात कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. करारात अकरा महिन्यांच्या आत घर सोडता येणार नाही असे कलम होते, त्यामुळे उरलेले तीन महिने मी जास्त भाडेही दिले आणि लांबचा प्रवासही केला.

त्यावरून मी असे शिकलो की घर एखाद्या कार्यालयाजवळ घेण्याऐवजी दोन मार्ग जिथे मिळतात अशा ठिकाणाजवळ घ्यावे. तुमच्या रेल्वेमार्गावर, दोन्ही टोकांच्या मध्ये, असे बदलाचे स्थानक आहे का? तिथून पायी सात-आठ मिनिटांवर, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर जी निवासी वस्ती असेल ती पाहा. कार्यालय पंचवीस-तीस मिनिटांवर येईल, भाडे दोन्हींच्या मधले असेल, आणि उद्या नोकरी बदलली किंवा यजमानांना बाहेर काम मिळाले तरी घर हलवावे लागणार नाही. तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत असे तुम्ही मानून चालला आहात. सहकाऱ्यांनी आणि एजंटने ते दोन दाखवले, एवढेच.

आणि पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढा. तो खर्च जड वाटेल, पण चुकीच्या वस्तीत अडकलेल्या वर्षापेक्षा तो कमीच असतो. करार करताना घर मुदतीपूर्वी सोडण्याची अट, सूचनेचा कालावधी, भाडेवाढीचे प्रमाण आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार, या चार गोष्टी लेखी घ्या. तोंडी आश्वासन कितीही गोड असले तरी ते घर सोडताना आठवत नाही.

नवे बिऱ्हाड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटला अनामत देणार नाही असे कळवले. उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवला. तो संपल्यावर ते म्हणाले, ‘आतापर्यंत मला हे कोणी विचारलेच नव्हते.’ न विचारणाऱ्यांत मीही आले. त्यांना दिवसा शांतता हवी आहे, पण संध्याकाळी खाली उतरल्यावर माणसे दिसायला हवीत.

मार्गावर अकराव्या स्थानकापाशी दुसरा मार्ग येऊन मिळतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. एक महिन्यासाठी तिथेच तात्पुरती जागा घेत आहोत. एक शंका आहे: फोनवरच्या ध्वनिमापक अॅपवर विश्वास ठेवावा का?

टिपणवही

नेमक्या आकड्यासाठी ठेवू नका, कारण प्रत्येक फोनचा मायक्रोफोन वेगळा असतो. पण एकाच फोनने, खिडकी उघडी ठेवून, वेगवेगळ्या दिवशी पण दिवसाच्या त्याच वेळी दोन घरांत पंधरा-पंधरा मिनिटे मोजलेत तर तुलना करण्यापुरते ते पुरेसे आहे. नंतर खिडकी बंद करूनही मोजा.

उंबरठा

घरे पाहायला जाताना सासूबाईंना बरोबर न्या, आणि स्थानकापासून त्यांच्याच चालीने चाला. त्या जिथे थांबतील ती जागा लिहून ठेवा.