मदत हवी आहे: सड्यावरच्या चराईच्या नोंदी कशा ठेवायच्या?

नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात, वर जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. वाडीतले गवळी-धनगर आजोबा गुरं कधी कुठे न्यायची ते गवत बघून ठरवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी कुसळी गवताचं एक काड मोडून हातावर ठेवलं. "आत्ता कवळा हाय तोवर चारून घे. कुसळ धरला की गुराच्या तोंडात रुततो, मग गुरं शिवत नाय." बांध घातलेला सड्याचा एक तुकडा ते बी पडेपर्यंत राखतात, कापणी त्यानंतरच.

पुतणी वनस्पतिशास्त्र शिकते. तिला राखलेल्या आणि मोकळ्या सड्यावर एक मीटरचे चौकोन आखून गवताच्या जाती मोजायच्या आहेत. किती चौकोन पुरेत? पावसात दर पंधरवड्याला मोजलं तर चालेल का? कातळ कुठे उघडा, कुठे वीतभर माती, मग तुलना कशी करायची?

दुसरं म्हणजे, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, म्हणजे गावातल्या जीवजाती आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती लिहायची वही. आजोबांची माहिती त्यात त्यांच्या नावाने आणि त्यांना विचारूनच घालायची आहे. (मागे एकजण फोटो काढून गेला तो गेलाच!) कुणी असं काम केलं असेल तर नमुना तक्ता टाका. पाऊस तोंडावर आलाय.