मदत हवी आहे: जुन्या नकाशात 'एम १५०', कोअरच्या अहवालात १३. इमारत खरंच गेली का?

नमस्कार मंडळी,
आमची सोसायटी १९७२ ची, तळमजला अधिक तीन. मी सेक्रेटरी, पेशाने शाळामास्तर, त्यामुळे इंजिनिअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट झालं. कॉलममधून तीन कोअर (काँक्रीटचे गोल कापलेले नमुने) काढले, त्यांची समतुल्य क्यूब स्ट्रेंग्थ (चौकोनी ठोकळ्याच्या हिशोबाने दाब सोसायची ताकद) १४.१, १३.८ आणि ११.६ अशी आली. पुढे 'एमपीए' लिहिलंय. मूळ आरसीसी नकाशा एका सभासदाच्या माळ्यावर सापडला. त्यावर 'काँक्रीट एम १५०, स्टील १४००' एवढंच आहे.

दुरुस्तीचं कोटेशन द्यायला आलेल्या ठेकेदाराने भर सभेत हिशोब मांडला: हवं होतं १५०, आलं १३, म्हणजे नऊ टक्के ताकद उरली, पाडून टाका. दोन आजी तिथेच रडायला लागल्या. हे खरं आहे का?

प्रतिसाद १:
मास्तर, घाबरू नका, ठेकेदाराने आंबे आणि डझन यांची तुलना केली आहे. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९६४ च्या आवृत्तीत काँक्रीटचा दर्जा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहायचे. १९७८ च्या आवृत्तीपासून तो न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये आला, आणि एम १५० चा एम १५ झाला. एमपीए म्हणजेच न्यूटन प्रति चौमिमी, तिथे काही बदलायचं नाही.

किलो/चौसेंमीला ०.०९८१ ने गुणा: १५० चे १४.७ एमपीए. साइटवर आम्ही सरळ दहाने भागतो, दोन टक्क्यांचाच फरक पडतो. स्टीलचे १४०० हेही किलो/चौसेंमीच, म्हणजे साधारण १४० एमपीए. पण ती साध्या सळईची डिझाइनमधली परवानगीची मर्यादा आहे, सळई तुटण्याची ताकद नव्हे. उद्या ठेकेदार 'फे ४१५' शी (४१५ एमपीए ताकदीच्या आजच्या सळईशी) तुलना करून पुन्हा घाबरवेल, म्हणून आत्ताच सांगतो.

प्रतिसाद २:
वरच्यात भर. कोअरला पूर्ण १४.७ यायलाच हवेत असंही नाही. आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी दर्जाच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. तुमच्याकडे ८५ टक्के म्हणजे १२.५, सरासरी आहे १३.२. ७५ टक्के म्हणजे ११.०, सर्वांत कमी ११.६. दोन्हीत पास, दुसऱ्यात काठावर. ११.६ वाला कॉलम कुठला ते विचारा, बाथरूमच्या ओलीजवळचा असला तर नवल नाही.

धागाकर्ता:
खरंच जिन्याखालचा, टाकीजवळचा कॉलम आहे! मग दुरुस्तीच करायची नाही का?

प्रतिसाद २:
तसं नाही हो. आजच्या नियमाने आरसीसीला किमान एम २० लागतं, तुमचं जुन्या मापाचं आहे. शिवाय ताकदीच्या आकड्यात गंज दिसत नाही. हाफ सेल (सळईला गंज लागण्याची शक्यता दाखवणारी) आणि कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम काँक्रीटमध्ये किती खोल गेला ते दाखवणारी) या चाचण्या झाल्यात का बघा, नसतील तर त्या टाकीजवळच्या कॉलमपासून सुरू करायला सांगा. आणि सल्ला कोटेशन न देणाऱ्या इंजिनिअरचा घ्या.

धागाकर्ता:
अहवाल उघडला, हाफ सेल केलेलंच नाही. रविवारी सभा आहे, फळ्यावर १५० गुणिले ०.०९८१ मीच करून दाखवतो.