मदत हवी आहे: गाडीत आणि सायकलवर, दोन्हीकडे चालेल असा जीपीएस कोणता घ्यावा?

मंडळी,

रस्ता दाखवणारा सुटा जीपीएस घ्यायचा विचार आहे. गाडीत लावता यावा आणि सुट्टीच्या दिवशी काढून सायकलच्या हँडलवर बसवता यावा, एवढी साधी अपेक्षा. बघायला लागले तेव्हा कळलं की अपेक्षा दिसते तितकी साधी नाही. गाडीचे वेगळे, सायकलचे वेगळे, आणि मध्ये डोंगरात भटकणाऱ्यांचे तिसरेच.

"फोन असताना हे कशाला?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. गाडीत फोनची फारशी तक्रार नाही, फक्त ऐन चौकात कुणाचा तरी कॉल येतो आणि नकाशा मागे पडतो. खरा त्रास सायकलवर. भर उन्हात स्क्रीन पूर्ण उजळ ठेवावी लागते, त्यामुळे फोन तापतो, आणि तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो. म्हणजे गरज असते तेव्हाच दिसत नाही. पावसाचे थेंब पडले की त्याला वाटतं बोट लागलं. नकाशा भलतीकडेच सरकतो. आणि बॅटरी संपली की नकाशा जातो तसा फोनही जातो. आडरस्त्याला पंक्चर झालं तर हाक मारायला तोच तर हवा!

तर मला हवंय ते असं: गाडीत वळणाच्या सूचना बोलून दाखवणारा, पत्ता पटकन शोधता येणारा. सायकलवर हलका, भिजला तरी चालणारा, उन्हात वाचता येणारा, सकाळी निघून संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरणारा. घरी आखलेला मार्ग त्यात टाकता यायला हवा. आणि नेटवर्क नसलं तरी अडायला नको.

जाणकारांनी सांगा: हे सगळं एकाच यंत्रात मिळतं का? वापरलेला जुना घेतला तर चालेल? "आयुष्यभर नकाशे मोफत" म्हणतात ते खरं किती? आणि "मल्टी-बँड" म्हणून जे खपवतात त्याचा माझ्यासारखीला उपयोग आहे का?

प्रतिसाद

एकाच यंत्रात सगळं मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत. कारण दोन्हींची रचनाच उलट्या गृहीतकांवर केलेली असते.

गाडीचा जीपीएस धरून चालतो की वीज गाडीच्या सॉकेटमधून मिळणार. त्यामुळे स्क्रीन मोठी, साधारण ५ ते ७ इंच, चांगली झगमगीत, स्पीकर दणदणीत, आणि आतली बॅटरी नावापुरती. वायर काढली की तासभर चालला तरी खूप. पाण्यापासून संरक्षणही बहुतेकांना नसतं, कारण तो काचेच्या आत बसणार हे ठरलेलंच.

सायकलचा याच्या बरोबर उलटा. गार्मिनची एज मालिका, वाहूचे एलेमेंट, ब्रायटन ही मंडळी बघा. स्क्रीन साधारण २ ते साडेतीन इंच. त्यातल्या बऱ्याच स्क्रीन मागून उजेड पाडण्यापेक्षा वरून पडणाऱ्या उन्हाचाच उजेड परावर्तित करतात, म्हणून ऊन जितकं कडक तितकं जास्त स्पष्ट दिसतं. बॅटरी १५-१६ तासांपासून पुढे. पण हाच गाडीत लावलात तर डॅशबोर्डवरची ती काडेपेटीएवढी स्क्रीन चालवता चालवता वाचायची कशी? शिवाय बहुतेक मॉडेल्स बोलत नाहीत, नुसतं "टीं टीं" करतात. बोलणारी आहेत, उदाहरणार्थ एज १०५० ला स्पीकर आहे, पण ते महागड्या गटातले.

एकच हवा असा हट्टच असेल तर गिर्यारोहकांच्या यंत्रांकडे वळा. गार्मिनचा मोंटाना ७०० बघा: ५ इंची स्क्रीन, पाण्यात बुडाला तरी चालतो, बॅटरी दिवसभराची, आणि आवाजाची सोय असलेला गाडीचा माउंट वेगळा मिळतो. मेख इतकीच की वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. सायकलचे यंत्र १०० ग्रॅमच्या आगेमागे असते. खडबडीत रस्त्यावर हँडलवर एवढं ओझं हिंदकळायला लागलं की माउंटची परीक्षाच.

प्रतिसाद

एवढं कशाला? कपाटात पडलेला जुना फोन काढा, त्यात ऑसमँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स टाका, नकाशे आधीच उतरवून ठेवा. सिम नको, नेट नको. जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून थेट येतो, त्याला नेटवर्क लागतच नाही. बॅटरी संपली तरी मुख्य फोन खिशात सुरक्षित. तुमच्या चार अडचणींपैकी दोन तर इथेच सुटल्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला अर्धं अनुमोदन. गाडीसाठी जुना फोन उत्तम. सायकलवर मात्र ऊन आणि पाऊस या दोन तक्रारी जशाच्या तशा राहतात.

जाता जाता, इथे कुणी तो फोन मोटारसायकलवर लावणार असेल तर जपून. मोठ्या इंजिनच्या कंपनांमुळे चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्यात असलेली यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नाही, तेव्हा धागाकर्तीला ही काळजी नको.

प्रतिसाद

सगळे स्क्रीन आणि बॅटरीवर बोलताय, पण घेतल्यानंतर माणूस वैतागतो तो वेगळ्याच गोष्टीवर. यंत्र रस्ता निवडतं कसं?

गाडीच्या जीपीएसला लवकर पोचायचं असतं. तो तुम्हाला महामार्गावर काढणार. सायकलवर तोच रस्ता म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून "सायकल" हा प्रकार सेटिंगमध्ये आहे का, हे बघून थांबू नका. त्या प्रकारात तो मोठे रस्ते खरंच टाळतो का, ते तपासा. तुमच्या ओळखीची दोन ठिकाणं टाका, ज्यांच्यामधला चांगला सायकलमार्ग तुम्हाला पाठ आहे, आणि यंत्र काय सुचवतं ते बघा. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांचं काम, पण सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगून जातं.

दुसरं, घरी आखलेला मार्ग. तुम्ही तो बहुधा जीपीएक्स फाइलमध्ये टाकाल. या फाइलमध्ये मार्ग दोन तऱ्हेने लिहिता येतो आणि इथेच घोळ होतो. एकात थोडेच बिंदू असतात: इथून निघा, या पुलावरून, त्या चौकातून, तिथे पोचा. मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावर स्वतःच्या अकलेने जोडतं. याला रूट म्हणतात. दुसऱ्यात जवळजवळ असलेले शेकडो-हजारो बिंदू असतात, जणू आधी कुणी गेलं त्याच्या पावलांचे ठसे. तो ट्रॅक. यंत्र त्यात डोकं चालवत नाही, रेघ दाखवतं आणि तुम्ही सोडून गेलात की सांगतं.

आता समजा तुम्ही संगणकावर तलावाच्या काठची कच्ची वाट धरून छान मार्ग आखला आणि रूट म्हणून उतरवला. यंत्रातल्या नकाशात ती वाटच नसेल तर ते बिनदिक्कत तुम्हाला पलीकडच्या मोठ्या रस्त्याने नेईल, वर "मार्ग तयार आहे" म्हणेल. तीच फाइल ट्रॅक म्हणून टाकली तर रेघ काठावरूनच जाईल. सायकलवाल्यांनी ट्रॅकच वापरावा, माझं तरी ठाम मत. मात्र नुसत्या ट्रॅकमध्ये "डावीकडे वळा" असं काही लिहिलेलं नसतं. काही यंत्रं रेघ आपल्या नकाशावर बसवून वळणं स्वतः काढतात, काही काढत नाहीत. हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. टीसीएक्स किंवा फिट प्रकारच्या फाइलमध्ये वळणांच्या खुणा सोबत पाठवता येतात, तोही एक मार्ग आहे.

आणि गाडीचे काही जीपीएस ट्रॅक घेतच नाहीत, किंवा घेतला की त्याचा रूट करून टाकतात. "एकच यंत्र" या कल्पनेला इथेही खोडा बसतो.

धागाकर्ती

बाप रे, हे रूट-ट्रॅक प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार! म्हणजे दोन वेगळी यंत्रं, किंवा गाडीत फोन आणि सायकलवर स्वतंत्र, असा कौल दिसतोय. मोंटानाचं वजन वाचून तो बाद केला. जुना घ्यायच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही अजून.

प्रतिसाद

जुन्याचं मी सांगतो. तीन गोष्टी बघा.

पहिली तारीख. हसू नका. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक मोजायला १० बिट आहेत, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग एप्रिल २०१९ मध्ये, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं गेलं नाही त्यातली काही २०१९ नंतर भलतीच तारीख दाखवतात, काहींना उपग्रह सापडायला फार वेळ लागतो. यंत्र मोकळ्या आकाशाखाली चालू करा आणि आजची तारीख येते का बघा.

दुसरी बॅटरी. सायकलच्या यंत्रात ती बहुधा आत बंद असते आणि सहज बदलता येत नाही. पाच-सहा वर्षं वापरलेल्या यंत्राकडून खोक्यावर छापलेले तास मिळतील ही आशा सोडा. याला अपवाद गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स, ३२एक्स: त्यात साधे दोन एए सेल लागतात, संपले की बदलले. स्क्रीन छोटी, दिसायला अगदी जुनाट, पण लांबच्या प्रवासाला मी हाच नेतो. रिचार्जेबल सेल टाकलेत तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर बॅटरीचा आकडा चुकीचा दाखवतो.

तिसरी नकाशे. "आयुष्यभर" म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे हो! यंत्राचं उपयुक्त आयुष्य, आणि ते कंपनी ठरवते. शिवाय नवे नकाशे फुगत जातात आणि जुन्या यंत्राच्या मेमरीत मावत नाहीत, तेव्हा मेमरी कार्डाची खाच आहे ना बघा. गार्मिनवाल्यांना एक सोय आहे: ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून स्वयंसेवक त्या यंत्रांसाठी नकाशे बनवतात, ते फुकट उतरवता येतात. सायकलच्या वाटा त्यात कितीतरी ठिकाणी कंपनीच्या नकाशापेक्षा बऱ्या असतात.

प्रतिसाद

मल्टी-बँडचं उत्तर राहिलं. उपग्रह दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सिग्नल पाठवतात, एल१ आणि एल५. दोन्ही ऐकणाऱ्या यंत्राला उंच इमारतींवरून आपटून आलेला सिग्नल ओळखून टाकून देणं सोपं जातं. गाडीत याचा फरक जाणवणार नाही, कारण तिथे यंत्र तुम्हाला नकाशावरच्या जवळच्या रस्त्याला चिकटवूनच दाखवतं, पाच-दहा मीटर इकडेतिकडे झालं तरी कळत नाही. सायकलवर दाट झाडीत किंवा उंच कड्यालगत फायदा होतो, बदल्यात बॅटरी जास्त खातो. जास्तीचे पैसे फक्त यासाठी देऊ नयेत असं मला वाटतं. त्यापेक्षा हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर असलेला घ्या. जीपीएसची उंची ही त्याच्या आडव्या अंदाजापेक्षा नेहमीच कच्ची असते, आणि चढ किती उरलाय हे सायकलवाल्याला कळायलाच हवं.

आणि एक. फोन नेटवर्कवरून उपग्रहांची माहिती घेतो म्हणून चटकन जागा सांगतो. सुटं यंत्र बरेच दिवस बंद असेल तर ती माहिती उपग्रहाकडूनच हळूहळू ऐकतं. निघण्याआधी उघड्यावर एक-दोन मिनिटं स्थिर ठेवा, मग पॅडल मारा. चालत्या सायकलवर सुरू केलं तर उगीच ताटकळत ठेवतं.

धागाकर्ती

ठरलं मग. गाडीत जुना फोन, ऑफलाइन नकाशे टाकून. सायकलसाठी बटणांचा, दाबमापक असलेला, ट्रॅकवरून वळणं काढणारा स्वतंत्र जीपीएस, नवाच. टच नको, पावसाचा अनुभव पुरेसा झाला.

शेवटचं विचारते: गाडीत फोन समोरच्या काचेला चिकटवला तर सिग्नलला काही अडचण? आमच्या गाडीची काच उष्णता अडवणारी आहे.

प्रतिसाद

येऊ शकते. अशा काही काचांवर धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नल अडवतो. आरशाजवळ काळ्या ठिपक्यांचा भाग असतो, तिथे बऱ्याचदा थर मोकळा सोडलेला असतो, पण फोन तिथे लावला तर नजरेच्या आड येतो आणि काही ठिकाणी नियमातही बसत नाही. आधी फोन डॅशबोर्डवर ठेवून एक फेरी मारा. जागा उड्या मारत नसेल तर काचेच्या वाटेला जाऊच नका, एसीच्या झडपेला अडकवायचा माउंट घ्या. गार वारा लागून फोन तापतही नाही. हिवाळ्यात हीटर लावलात तर मात्र ती झडप बंद ठेवा.