डांबर टिकलं, पण चालणाऱ्याचं काय?

"पुण्याच्या जेएम (जंगली महाराज) रोडचं डांबर इतकी वर्षं टिकलं, मग फुटपाथ रुंद करून गाड्यांची जागा का खाल्ली?" या प्रश्नाबद्दल थोडं.

डांबराचं कौतुक रास्तच. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन हॉट मिक्सचा (खडी आणि डांबर गरम करून मिसळलेला) रस्ता केला आणि तो हमीपेक्षा कितीतरी जास्त टिकला. पण तो टिकला म्हणून त्यावरून चालणं सोपं झालं असं नाही. संभाजी बागेसमोर आईचा हात धरून रस्ता ओलांडून बघा, म्हणजे कळेल!

रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, व्यापारी भागात २.५, आणि रस्त्यापासून कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको, असं होतं. या उंचीचा संबंध थेट डांबरीकरणाशी येतो. आपल्याकडे जुना थर न खरवडताच वर नवा थर चढवतात. रस्ता वर येतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि पाणी दुकानांत शिरतं. मग फुटपाथ उंच करतात आणि गुडघे दुखणारे लोक रस्त्यावरूनच चालतात.

रुंद फुटपाथवर दुचाक्या चढतात हे मान्य. (बोलार्डमधूनही, म्हणजे गाड्या अडवायला लावलेल्या खांबांमधूनही, स्कूटर काढणारे महाभाग मी पाहिलेत.) पण तो दोष फुटपाथचा कसा? पार्किंगला दाम लावायची वेळ आली की सगळे गप्प बसतात.